निळा मणी

एका गावात एक शेतकरी होता. दोन एकर ऊस, गोठ्यात चार गाई. ऊस तुटून गेला की तो पाचट पेटवून देई. उकिरडा भरला की शहराजवळचा एक व्यापारी ट्रॉली घेऊन येई. शेतकरी शेण भरून देई आणि पैसे मोजून घेई.

जमीन मात्र वर्षागणिक कडक होत चालली. दिलेलं पाणी वरच्यावर वाहून जाई. खताचा खर्च वाढला, उतारा घटला. कुणीतरी म्हणालं, "गांडूळखत घाल." शेतकऱ्याने त्याच व्यापाऱ्याकडून पोती आणली.

त्याच्या म्हाताऱ्या आईने बांधावर बसून एक पोतं सोडलं. खत चांगलं होतं. काळं, भुरभुरीत, चहाच्या पत्तीसारखं. ओंजळीत घेताना बोटांना काहीतरी टोचलं. तो निळा मणी होता. वसुबारसेला तिनेच ओवलेली माळ गाईच्या गळ्यातून गोठ्यात तुटून पडली होती.

"लेकरा, हे तर आपलंच शेण," आई म्हणाली. "ट्रॉलीने दिलंस आणि पोत्याने विकत आणलंस."

शेतकरी काही बोलला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने गोठ्यामागे जांभळीच्या सावलीत वाफा केला. त्यात ताजं शेण भरलं आणि शेजारच्या गावातून आणलेली लाल गांडुळं वर सोडली. सकाळी पाहतो तर काही बाहेर पडून सुकली होती, बाकीची आत मेली होती.

आईने त्याचा हात धरून शेणात खुपसला. आत चांगलंच गरम होतं.

"ताजं शेण कुजताना तापतं. ते निवू दे. हाताला ऊब लागेनाशी झाली, की मग सोड."

या वेळी तो थांबला. शेण पसरून त्यावर पाणी मारलं, ते निवू दिलं. खाली पाचट अंथरलं, वर निवलेलं शेण घातलं, मग गांडुळं सोडून गोणपाट टाकलं. मुंग्या येऊ नयेत म्हणून कडेने चर खणून त्यात पाणी ठेवलं. रोज ओल टिकेल इतकंच पाणी शिंपडलं.

दोन महिन्यांत खत तयार झालं. चार दिवस पाणी बंद करून त्याने उजेडात त्याचा ढीग लावला. गांडुळांना उजेड सोसत नाही, ती तळाशी गेली. वरचं खत त्याने हातांनी अलगद काढून घेतलं आणि गांडुळं पुन्हा वाफ्यात सोडली.

त्या वर्षी पाचट पेटलं नाही, सरीत पसरलं गेलं. जमीन काही एका वर्षात सुधारली नाही. माती इतक्या लवकर रुसवा सोडत नाही. तिसऱ्या वर्षी मात्र पाणी जागच्या जागी जिरू लागलं आणि ढेकूळ हाताने फुटू लागलं.

व्यापारी पुन्हा ट्रॉली घेऊन आला. त्याने भाव वाढवून सांगितला. शेतकरी म्हणाला, "आधी शेताचं पोट भरू दे. उरलं तर देईन."

मंडळी, आपल्या घरात आणि गोठ्यात जे कुजतं, ते आपण मातीचं देणं लागतो. आधी ते फेडा, मग उरलेलं विका.