राजाची जिज्ञासा आणि रोग्याचा होकार

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचे नाव निघाले की मराठी अभ्यासकाला मोडी कागदपत्रे आणि नाटकांच्या पोथ्या आठवतात. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (1777–1832) काळातील नेत्ररोग्यांची टिपणेही तेथेच आहेत, हे आम्ही साहित्याची माणसे सहसा विसरतो. रोग्याच्या डोळ्याचे चित्र आणि उपचारांची हकीकत, असे त्यांचे स्वरूप. धन्वंतरी महाल उभारणाऱ्या या राजांची जिज्ञासा निःसंशय थोर होती. तथापि ज्याचा डोळा चितारला गेला तो उपचार घेत होता, की अभ्यासाला विषय पुरवीत होता? आणि रयतेतील माणसाने राजाच्या चिकित्सेला नकार तरी कसा द्यावा?

मूळपेशींच्या उपचारांत हाच प्रश्न नव्याने उभा राहतो. बुबुळाच्या काठावर पारपटलाला सतत नवे ठेवणाऱ्या मूळपेशी असतात. पानाचा चुना डोळ्यात उडून तो काठ जळाला, तर दुसऱ्याचे पारपटल बसवूनही भागत नाही. रोग्याच्याच निरोगी डोळ्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून रोपण केल्याचे इटलीतील पेलेग्रिनी व सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केले. 2012 मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंद्र सांगवान आदींनी निरोगी डोळ्यातील इवलासा तुकडा थेट रुजविण्याची सोपी रीत मांडली. उपकार मोठा, पण ज्याला एकच डोळा उरला आहे, त्याने नेमका तोच पुढे करायचा असतो. येथे होकार म्हणजे कागदावरची सही नव्हे. नकार दिला तरी वैद्य पाठ फिरविणार नाही, ही खात्री त्यामागे असावी लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2007 च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात ‘संशोधन’ आणि ‘उपचार’ हे दोन्ही शब्द होते. 2013 च्या आवृत्तीत ‘उपचार’ गळला. शब्दांवरच उपजीविका करणाऱ्या माझ्यासारख्याला ही खोडाखोड फार बोलकी वाटते. रक्तविकारांवरील रक्तजनक पेशींचे रोपण मान्य झालेले आहे. जे सिद्ध नाही त्याला उपचार म्हणू नये आणि त्यासाठी रोग्याकडून पैसे घेऊ नयेत, ही भूमिका मला न्याय्य वाटते. अपंग मुलाचा बाप आशेपोटी शेत विकतो तेव्हा त्याच्यावर कोणा राजाची सत्ता चालत नसते. तरी तो मोकळा आहे असे मला म्हणवत नाही. आणि पैसे घेणारा जर त्या मुलाचे पुढे काय झाले याची नोंदही ठेवीत नसेल, तर त्या व्यवहाराला प्रयोग हे नावही देता येत नाही. सरफोजीराजांनी निदान टिपण ठेवविले होते.