गिरणगावची श्रीमंती

पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे, हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा ज्याच्यापाशी पैसा नाही त्यालाच ऐकवलं जातं. पगारवाढ मागणाऱ्याला, मुलीची फी साठवणाऱ्याला, भाड्याच्या खोलीत आयुष्य काढणाऱ्याला. म्हणून या वाक्याकडे मी सावधपणे बघतो. तरीही ते खोटं आहे असं म्हणवत नाही. लक्ष्मीपूजनाला वह्या-चोपड्यांना हळदकुंकू वाहणारी, कशाचीही ददात नसलेली आणि तरी एकमेकांशी बोलायलाही सवड नसलेली घरं आपण सगळेच ओळखतो.

मग ती दुसरी श्रीमंती येते कुठून? तिचा शोध सहसा माणसाच्या मनात घेतला जातो. गरजा कमी करा, छंद जोपासा, समाधानी राहा. हा सल्ला चांगला असला तरी मला तो अपुरा वाटतो. पैशापलीकडची श्रीमंती एकेकट्याने मनात साठवता येत नाही, ती दहा जणांनी मिळून वस्तीत उभी करावी लागते आणि तिच्यासाठी भांडावंही लागतं, असं माझं मत आहे. या मताला माझ्याजवळचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे मुंबईचं गिरणगाव.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात धुराड्यांची रांग लागली. कोकण आणि घाटावरून आलेली माणसं त्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत होती, आणि आठवड्याची सुट्टी म्हणून काही नव्हतं. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. त्या सभांमधून निघालेल्या मागण्या आज वाचल्या की थक्क व्हायला होतं. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात. पगार वाढवा, ही मागणी या यादीत अग्रभागी नाही. ज्यांच्याजवळ पैसा सगळ्यात कमी होता, त्यांनी आधी वेळ मागितला. त्यांना पैशाची किंमत कळत नव्हती असं कोण म्हणेल? पण सातही दिवस सूर्य न बघणाऱ्या माणसाला चार आणे जास्त मिळाले तरी ते कधी खर्चायचे आणि कुणासोबत, हा प्रश्न उरतोच, हे त्यांना ठाऊक होतं.

सुट्टी मिळायला सहा वर्षं लागली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. तिथे दोन स्त्री कामगारांनीही भाषण केलं, ही गोष्ट आपण फार क्वचित सांगतो. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, मुलांना बागेत नेतो, मटण शिजवतो, तो दिवस कुणीतरी मिळवलेला आहे.

पुढेही वेळ आपोआप मिळाला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा कामाचे तास उलट वाढले, कारण आता सूर्य मावळण्याची वाट बघावी लागत नव्हती. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ तास ठरवले, १९३४ च्या कायद्याने चोपन्न, आणि अठ्ठेचाळीस तासांपर्यंत यायला १९४६ साल उजाडावं लागलं. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली लिहिलं होतं की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्यातून पंधरा तास काम पुरेल आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं हीच मोठी अडचण होऊन बसेल. ती मुदत आता संपत आली. संपत्ती वाढेल हा त्यांचा अंदाज चुकला नाही. पण संपत्ती वाढली की वेळ तिच्या मागोमाग चालत येईल, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. परळच्या एखाद्या साचेवाल्या विणकराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की यंत्र कितीही सुधारलं तरी वेळ मागितल्याशिवाय मिळत नाही. आज मोटारसायकलवर घरोघरी जेवण पोचवणाऱ्या तरुणांना ‘हवं तेव्हा काम करा’ असं सांगितलं जातं, पण जितक्या फेऱ्या तितकेच पैसे असल्यामुळे ठरलेली सुट्टी त्यांच्या वाट्याला येत नाही. लोखंड्यांची पहिली मागणी त्यांच्यापुरती अजून तशीच पडून आहे.

मिळालेल्या वेळात गिरणगावाने काय केलं, हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. एका गावची माणसं मिळून एक खोली घ्यायची. कुणी पहिल्या पाळीला, कुणी दुसऱ्या, कुणी रातपाळीला, त्यामुळे त्याच खोलीत आळीपाळीने झोपायचं. भिंतीला लागून ज्याच्या त्याच्या ट्रंका. याच खोल्यांमधून गावांची मंडळं उभी राहिली. महिन्याची वर्गणी निघायची. त्या वर्गणीतून गावाकडे शाळेची खोली, विहीर, देवळाचा सभामंडप उभा राहायचा, आणि मुंबईत मयताला खांदा द्यायला चार माणसं कमी पडायची नाहीत. संध्याकाळी चाळीच्या चौकात भजनाची डबल बारी, शिमग्याच्या आगेमागे नमन, दशावतार, शक्ती-तुऱ्याचे सामने. तालमी आणि कबड्डीचे संघ. ना. म. जोशी यांनी १९११ साली सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. लीगच्या परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटक मंडळं प्रयोग करायची, आणि दिवसभर खात्यात राबलेला माणूस रात्री तोंडाला रंग लावून राजा व्हायचा.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. आपल्या आजच्या करमणुकीत आणि त्या करमणुकीत फरक दर्जाचा नाही. आज घरबसल्या जगातलं उत्तमोत्तम संगीत ऐकता येतं, आणि ते ऐकावंच. पण गिरणगावातला माणूस नुसता प्रेक्षक नव्हता. तो पखवाज वाजवत होता, चाल बांधत होता, वेशभूषेचं गाठोडं सांभाळत होता. कारखान्याच्या हजेरीपटावर तो एक नंबर असेल, पण शनिवारी रात्री तो आला नाही तर बारी उभी राहत नव्हती. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, आणि ते पगारासाठी नव्हे, ही भावना मोठी मिळकत आहे. माझ्या मते भरल्या घरातही माणूस कंगाल होतो तो बहुधा हीच मिळकत गमावल्यामुळे. त्याच्याकडे वस्तू असतात, पण त्याची वाट बघणारा चौक नसतो.

याच वस्तीतल्या गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं मूल घरी आणलं आणि त्याला आपलं नाव दिलं. तेच पुढे कवी नारायण सुर्वे झाले. लोक या गोष्टीत सुर्व्यांच्या कर्तृत्वाकडे बघतात, आणि ते योग्यच आहे. माझी नजर मात्र गंगारामांवर खिळते. दाटीवाटीच्या खोलीत, गिरणीच्या पगारात, अनोळखी बाळाला जागा करता येणं हे कुठल्या हिशेबात बसवायचं? आणि शाहीर अण्णा भाऊ साठे यांना शाळा दोन दिवसही धड लाभली नाही. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत ते अक्षरं शिकले, १९४४ साली त्यांनी साथीदारांसह लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि त्यांच्यापुढे मैदानात बसलेला श्रोता तिकीट काढून आलेला नव्हता.

हे लिहिताना एक धोका मला सतत दिसतो. चाळीतल्या गरिबीला सोनेरी मुलामा देणं फार सोपं आहे. कापसाच्या तंतूंनी भरलेली फुप्फुसं आणि संडासापुढची रांग त्या मुलाम्याखाली झाकली जाते. त्याहून वाईट म्हणजे ही सामाईक श्रीमंती सगळ्यांना सारखी खुली नव्हती. साचाखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, पगार चांगला होता, पण तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून दोरा ओवताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि दलिताच्या तोंडचा धोटा इतर कामगारांना विटाळ वाटे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. एकजुटीचे नारे देणाऱ्या संघटनांना हे आधी दिसलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. बायकांचंही तेच. नवरा पाळीवरून सुटल्यावर चौकात भजनाला बसे, पण खानावळ चालवणारी बाई एकट्या राहणाऱ्या कामगारांचे डबे भरत असे. तिचा रविवार कुणी मागितला नव्हता. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देणारं अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमा पुरव यांनी उभं केलं ते १९७५ साली. खानावळवाल्यांना एकत्र यायला इतका उशीर लागला.

आणि मग १९८२. जानेवारीच्या १८ तारखेला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. पगार थांबला तेव्हा वर्गणी थांबली. गावच्या खोलीतली माणसं ट्रंका घेऊन गावी गेली, रात्रशाळेतली पोरं हमालीला लागली, नाटक मंडळांना तालमीसाठी माणसं मिळेनात. पैशापलीकडची श्रीमंती कायम नोकरीच्या आणि ठरलेल्या पगाराच्या जोत्यावर उभी होती, हे तेव्हा उघडं पडलं. म्हणूनच पैसा महत्त्वाचा नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुरेसा आणि खात्रीचा पैसा नसेल तर माणसाला पैशाखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करण्याची मुभाच मिळत नाही. किती म्हणजे पुरेसा, याचं उत्तर मात्र गिरणगावात आपल्या आजच्या अंदाजापेक्षा बरंच खाली होतं, कारण कितीतरी गोष्टी प्रत्येकाला वेगळ्या विकत घ्याव्या लागत नव्हत्या.

गिरण्या गेल्यावर जमीन उरली, सुमारे सहाशे एकर, मुंबईच्या ऐन मध्यात. १९९१ च्या विकास नियमांत तिच्या वाटण्या ठरल्या होत्या: एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेकडे, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाकडे, एक तृतीयांश मालकाकडे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिआ यांच्या समितीने १९९६ मध्ये या तुकड्यांचा एकत्र विचार करणारा आराखडाही दिला. पण २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची होणार. गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्या वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयाने हा बदल रोखला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो ग्राह्य धरला. दोनशे एकरांच्या आसपास मैदानं आणि बागा होऊ शकल्या असत्या, त्या जागी मिळाले विखुरलेले तुकडे.

या व्यवहारात फक्त जुना कामगार हरला असं मानलं जातं. ते खरं नाही. लोअर परळच्या काचेच्या इमारतींत आज जी मुलं-मुली काम करतात त्यांचा पगार गिरणी कामगाराच्या स्वप्नातही आला नसता. पण घाम गाळायला ती व्यायामशाळेचे महिन्याला हजारो रुपये भरतात, आणि चार मित्रांत बसायचं तर आधी कॉफी विकत घ्यावी लागते. सामाईक सोयींचीही हीच गत झाली. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांमध्ये अरुंद पादचारी पूल होता. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या आणि गर्दी कित्येक पटींनी वाढली, तरी पूल तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसं मेली. रुंद पुलाची मागणी आधीपासून होत होती. त्या परिसरातली घरं आणि कचेऱ्या देशातल्या सर्वांत महागड्या जागांमध्ये गणल्या जात होत्या, आणि ती मागणी कागदावर होती. अपघातानंतर लष्कराला बोलावलं गेलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांत, नवा पूल खुला झाला.