टेबलावरचा नारळ

रत्नागिरीत सरकारी कार्यालयांच्या आवारात टेबल मांडून मी ३१ वर्षं लोकांचे अर्ज लिहितो आहे. वारस नोंद, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातलं नाव, प्रतिज्ञापत्र. आधी हाताने लिहायचो, मग टाइपरायटर घेतला, आता संगणक. माझ्या टेबलाशी 'भ्रष्टाचार' हा शब्द कोणी उच्चारत नाही. तो वर्तमानपत्रातला शब्द. इथे लोक म्हणतात चहापाणी, खर्चपाणी, वजन ठेवणं, नाहीतर नुसतंच, 'आतलं काय ते तुम्ही बघा.' हे 'आतलं' मी पुष्कळ वर्षं बघितलं. म्हणून लिहितो.

१२-१३ वर्षांपूर्वी भाट्याच्या खाडीपलीकडच्या एका गावातून एक आजी यायच्या. नवरा वारला होता. त्याच्या नावावर थोडी जमीन, सात हापूसची कलमं. सातबाऱ्यावर त्यांचं नाव चढायचं होतं, एवढंच काम. अर्ज मीच लिहिला होता. आठ महिने त्या हेलपाटे घालत होत्या, आणि प्रत्येक खेपेला एक नवी त्रुटी निघत होती. एकदा मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव जुळेना, एकदा मुंबईच्या मुलाची सही राहिली. सगळ्या त्रुटी पहिल्याच दिवशी सांगता आल्या असत्या. शेवटी मीच म्हटलं, "आजी, तीन हजार ठेवा, होऊन जाईल." त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात आल्या आणि कनवटीची पुरचुंडी सोडली. शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा, घामाने ओलसर झालेल्या. मोजायला मला वेळ लागला. पाकिटात घालून मीच आत नेऊन दिल्या. चौथ्या दिवशी फेरफार मंजूर झाला.

त्यानंतर जे झालं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आजी सातबारा घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी दोन नारळ घेऊन परत आल्या. आत जाऊन एक नारळ त्यांनी त्या कारकुनाच्या टेबलावर ठेवला, शेंडी देवाकडे करतात तशी त्याच्याकडे करून, आणि हात जोडले. "देवावानी धावलात," म्हणाल्या. तोही गडबडला, त्यानेही हात जोडले. तो काही दुष्ट माणूस नव्हता. माझी मुलगी आजारी असताना रात्री दोन वाजता रक्त द्यायला आला होता. दुसरा नारळ आजींनी मला दिला. घरी नेऊन मी तो देवघरात ठेवला. फोडायला हात धजला नाही.

याच टेबलाशी मी शंभरदा ऐकलं आहे की देवालासुद्धा द्यावं लागतं, मग माणसाचं काय. नवस म्हणजे तरी दुसरं काय? काम कर, नारळ देतो. हे बोलणाऱ्याला माझ्याकडे कित्येक वर्षं उत्तर नव्हतं. उत्तर मिळालं ते भैरीच्या देवळात. श्रीदेव भैरी हे रत्नागिरीचं बारा वाड्यांचं ग्रामदैवत. शिमग्याच्या दिवसांत तिथे गाऱ्हाणं ऐकत उभा होतो. गाऱ्हाणं कसं असतं? अमक्या घरचा, तमक्याचा मुलगा, ही त्याची अडचण, हे त्याचं मागणं, सगळं खणखणीत आवाजात, जमलेल्या माणसांदेखत. प्रत्येक वाक्याला गाव होकार भरतो, 'व्हय म्हाराजा'. नवसाला गाव साक्षी असतो. पाकिटाला साक्षी नको असतो. आजींच्या त्या तीन हजारांचं गाऱ्हाणं मी तिथे उभा राहून घालू शकलो असतो का? एका वाक्यापुढे गेलो नसतो.

पण उघडं आणि लपलेलं एवढाच फरक धरला तर तो पुरा पडत नाही. उघडपणे घेणारेही मी पाहिले आहेत. खरा फरक मला पुढे कळला. देवाकडे माणूस जे मागतो ते त्याचं नसतं. पोर, पाऊस, दुखण्यातून उठणं, यांतल्या कशावर आपला हक्क नाही. मिळालं तर ती कृपा, म्हणून नारळ. सातबाऱ्यावरचं नाव मात्र आजींचंच होतं, नवरा गेला त्या दिवसापासून. आम्ही दोघांनी मिळून आजींच्या हक्काची कृपा करून टाकली, आणि वर त्यांच्याकडून नमस्कार घेतला. तीन हजार एखाद्याला परत करता येतात. तो नमस्कार कसा परत करायचा?

भ्रष्टाचाराचा अर्थ मला इथे लागला. भ्रष्ट म्हणजे जागेवरून ढळलेला, पडलेला. आमच्या आजोबांच्या पिढीत हा शब्द पैशाशी जोडलेला नव्हता. कोणाच्या हातचं पाणी प्यायलं, कोणाच्या पंगतीला बसलं, की माणूस भ्रष्ट. याच गावात १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी उघडलं, सावरकर इथे स्थानबद्ध असतानाच्या काळात. ज्यांना पतित म्हणत होते ते पतित नव्हतेच, हे या गावाने तेव्हा उघड मान्य केलं. पण शब्द रिकामा झाला तरी पडण्याची क्रिया थांबलेली नाही. शिवण्याने कोणी पडत नाही. ज्या खुर्चीत बसून दुसऱ्याचं त्याला द्यायचं, तिथे बसून ते आपलं म्हणून वाटायला लागलं की माणूस पडतो. मग त्यात पैसा असो वा नसो. वशिल्याने आपल्या गाववाल्याचा कागद वर ठेवणारा एक रुपयाही घेत नाही, तरी खालच्या कागदाच्या मालकाचे दिवस तो चोरतोच. आणि काहीच न करणं? २०१९ च्या २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं धरण फुटलं, खालच्या वाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. धरण गळतंय अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. त्यात कोणी पैसे खाल्ले की नाही यावर मी बोलणार नाही. लोकांनी दिलेला कागद नुसता पडून राहणं, हेच मला पुरेसं भयंकर वाटतं.

मोठ्या व्यवहारांनाही साधे शब्दच लागतात. गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आला, तेव्हा कंपनीच्या अधिकारी बाईंनी १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं की भारतीयांच्या शिक्षणावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले. लाच म्हणून त्यातलं काही सिद्ध झालं नाही. पण 'शिक्षण' हा शब्द वाचला तेव्हा मला आमचं 'चहापाणी' आठवलं.

आता देणाऱ्याचं पाप. मी स्वतःला बरीच वर्षं क्रॉफर्ड प्रकरणाचा आधार देत होतो. आर्थर क्रॉफर्ड हा पुण्यात बसणारा बडा महसूल अधिकारी. कोकणातल्या दंतकथांवर त्याचं पुस्तकही आहे. बदली-बढतीसाठी मामलेदारांकडून हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत तो पैसे उकळतो, असा आरोप १८८८ मध्ये झाला. साक्ष द्या, तुम्हाला काही होणार नाही, असं अभय सरकारने मामलेदारांना दिलं. चौकशीत क्रॉफर्डवरची लाचखोरी शाबीत झाली नाही, तरी त्याची नोकरी गेली. आणि साक्ष देणाऱ्या मामलेदारांवरच गदा आली. सरकारने दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले ते टिळक, आमच्या इथल्या टिळक आळीत जन्मलेले. शब्द पाळला पाहिजे, हे टिळकांचं म्हणणं मला आजही पटतं. २०१८ च्या दुरुस्तीपासून आपला कायदाही देणाऱ्या-देणाऱ्यात भेद मानतो. बळजबरीने लाच द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं, तर देणारा गुन्हेगार ठरत नाही.

पण मामलेदार आणि आजी एका पंक्तीत बसत नाहीत. मामलेदाराने बदलीसाठी मोजलेला पैसा भरून काढायला त्याच्या खाली रयत होती. आजींच्या खाली कोणी नव्हतं. वरून खाली आलेली ती साखळी त्यांच्या कनवटीशी येऊन संपली. दिलेलं दुसऱ्या कोणाकडून वसूल करायला जागा आहे का, यावरून मी आता देणाऱ्याचा दोष मोजतो. आणि मी? माझ्यावर कोणी बळजबरी केली नव्हती. लाचलुचपत विभागाचा नंबर माझ्या पाठीमागच्या भिंतीवरच लिहिलेला होता. कारकुनाने तोंड उघडण्याआधी आकडा मीच सांगितला. त्या गोष्टीत मी मामलेदार नव्हतो, आजी तर नव्हतोच. मी हणमंतराव होतो. पाकिटातला एक रुपयाही घेतला नाही, हे मी स्वतःला सांगत असे. पण 'त्यांच्याकडून अर्ज करा, काम होतं' ही ख्याती मला त्यातूनच मिळाली, आणि त्या ख्यातीवर माझा संसार चालला.

आजी गेल्या. नंतर मी आत पाकीट नेणं बंद केलं. सातबारा आता १५ रुपयांत डिजिटल सहीनिशी निघतो, वारस नोंदीचा अर्ज ई-हक्कवर भरता येतो. बरंच सोपं झालं आहे. पण अर्ज भरल्यावर तो कोणीतरी बघायचा असतो, आणि तो कोणीतरी माणूसच असतो.

परवा एक तरुण आला, वडील गेलेले. कागद पुढ्यात ठेवून म्हणाला, "काका, आत किती ठेवायचे?" मी म्हटलं, काही ठेवायचं नाही. सगळे दाखले जोडले, अर्ज भरला, अर्जाचा नंबर त्याला लिहून दिला. मुदतीत झालं नाही तर लेखी कारण मागायचं, तो अर्जही मी लिहून देईन, पैसे घेणार नाही, असं सांगितलं. त्याने विचारलं, "पण काम होईल ना?"

"होईल," मी म्हटलं. "वेळ लागेल."

त्याने कागदाची घडी घातली, माझे पैसे दिले, आणि उठून पलीकडच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.