पुढचे टायर

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचा सहा टायरांचा ट्रक होता. कांदा भरायचा, कसारा घाट उतरायचा, न्हावाशेवाला माल टाकायचा आणि मिळेल ते परतीचं भाडं घेऊन यायचं, असा शिरस्ता. एका दिवाळीनंतर हा ट्रक पुढचे टायर खाऊ लागला. वर्षभर चालायला हवी ती जोडी चार महिन्यांत गेली.

शेठने ड्रायव्हरला धरलं. "खड्डे बघत नाहीस. ब्रेक दाबायचा तरी किती!"

"शेठ, गाडी एका अंगाला ओढते. सरळ रस्त्यालासुद्धा स्टेअरिंग तिरकं धरून बसावं लागतं."

शेठला ही सबब वाटली. त्याने नव्या जोडीचे निम्मे पैसे पगारातून कापले. दुसरी जोडी गेली तेव्हा ड्रायव्हरच काढून टाकला. नवा आला, तोही आठवडाभरात स्टेअरिंगचंच गाऱ्हाणं सांगू लागला. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं एकच तक्रार करतात, तेव्हा तरी कान द्यावा; पण पगार ज्याच्या हातात, त्याला ऐकू जरा उशिराच येतं. मध्यंतरी कुणाकडून तरी पुढची अलाइनमेंट करून घेतली. टाय रॉड थोडा फिरवला गेला, बिल झालं, टायर झिजायचे ते झिजतच राहिले.

शेवटी गाडी नाशिकला, आडगावच्या एका म्हाताऱ्या वस्तादाकडे गेली.

वस्तादाने आधी हवा बघितली. बरोबर होती. कमी असती तर टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला पट्टा. मग जॅक लावून चाक वर-खाली हलवलं; किंगपिनला खेळ नव्हता. आडवं हलवलं, टाय रॉडची टोकंही घट्ट. मग तो उकिडवा बसला आणि टायरच्या गट्ट्यांवरून तळवा आडवा फिरवला. जाताना गुळगुळीत, परत येताना करवतीचे दाते. दुसऱ्या टायरवरही दाते होते, आणि त्यांचं तोंड पहिल्याच्याच दिशेला. एक टायर बाहेरच्या कडेला झिजला होता, दुसरा आतल्या.

"टाय रॉडची चूक असती तर सहसा दोन्ही टायर बाहेरून गेले असते, नाहीतर दोन्ही आतून," वस्ताद म्हणाला. "हे दोघं एकाच अंगाला घासलेत. यांना मागून कुणीतरी रेटतंय."

त्याने फीत काढली. पुढची चाकं सरळ करून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजलं. एका बाजूला २० मिलिमीटर कमी भरले. म्हणजे मागचा एक्सलच तिरका बसला होता. (दोन माणसं आणि एक फीत, एवढ्यात होणारी ही तपासणी तोवर कुणीच केली नव्हती.) त्या बाजूच्या यू-बोल्टच्या नटाला पाना लावला, तर तो हातासरशी फिरला. खोलून पाहिलं, तर पाट्यांची थप्पी एक्सलवर जागच्या जागी धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला.

"पाटे कधी बदलले?"

"दिवाळीच्या आधी."

"पहिली भरलेली खेप झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, असं कुणी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. पण कांद्याला भाव चढलेला, आणि गाडी अर्धा दिवस उभी करायची नाही, हे शेठनेच ठरवलं होतं.

वस्ताद हात पुसत म्हणाला, "शेठ, झिजतो तो दिसतो, म्हणून चूक त्याचीच असते असं नाही. टायरचं तसं, ड्रायव्हरचंही तसंच."

नवा सेंटर बोल्ट टायरच्या मानाने किरकोळ पैशांत आला. एक्सल सरळ बसला, यू-बोल्ट आवळले गेले, पहिल्या खेपेनंतर गाडी आठवणीने परत आली आणि ते पुन्हा आवळले. शेठने पहिल्या ड्रायव्हरचा पत्ता काढून कापलेले पैसे नेऊन दिले आणि कामावर परत ये म्हणाला. ड्रायव्हरने पैसे मोजून घेतले. तोवर तो दुसऱ्या मालकाची गाडी चालवत होता, ती त्याने सोडली नाही.