किण्व, भट्टी आणि मदशक्ती

चार्वाक किंवा लोकायत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जडवादी परंपरेने चैतन्याच्या उगमाविषयी जो युक्तिवाद केला, त्याचा दृष्टान्त दारूच्या रांजणातून उचललेला आहे, आणि तो दर्शनग्रंथांत जितक्या वेळा उद्धृत झाला तितका तपासला गेलेला दिसत नाही. पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांपैकी एकाही भूतात जाणीव नसते, तरी देहरूपाने त्यांचा विशिष्ट संयोग झाला की जाणीव प्रकटते. जसे तांदूळ, गूळ किंवा मोहाची फुले यांतले काहीच मुळात मादक नसते, पण किण्वाच्या योगाने त्यांत मदशक्ती, म्हणजे झिंग आणण्याचे सामर्थ्य, उत्पन्न होते. किण्व म्हणजे आंबवण्याचे विरजण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात उडीद, तांदूळ आणि काही वनस्पती यांपासून ते करण्याची रीत दिली असून, गृहस्थांना विशेष प्रसंगी घरीच श्वेतसुरा किंवा औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीकही त्याच प्रकरणात आहे. शालेय विज्ञानातला ‘किण्वन’ हा शब्द याच किण्वापासून आलेला आहे.

या दृष्टान्ताला सांख्यसूत्रांनी उत्तर दिले ते सत्कार्यवादाच्या आधारे. कार्य कारणात आधीपासून सूक्ष्म रूपाने असतेच, नव्याने काही उत्पन्न होत नाही, असे मानणारा हा सिद्धान्त म्हणतो की मदशक्ती प्रत्येक घटकात अव्यक्त असते आणि एकत्र आल्यावर केवळ व्यक्त होते. भूतांत मात्र जाणिवेचा अंशही आढळत नाही, म्हणून दृष्टान्त लागू पडत नाही. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायातील तिसऱ्या पादाच्या भाष्यात हा पूर्वपक्ष मांडून त्याचे खंडन केले आहे. मात्र हा सारा वाद रांजणापाशीच थांबतो. रांजणातला सडवा भट्टीवर चढवला की काय होते, याची दखल त्यात नाही.

ऊर्ध्वपातनाचे घरगुती साधन अगदी साधे असते. एका भांड्यात आंबलेला द्रव उकळायचा, तोंड बंद करून वाफ नळीवाटे बाहेर काढायची, नळी थंड पाण्यातून नेऊन त्या वाफेचे पुन्हा पाणी करायचे. रसशास्त्रातील तिर्यक्पातन यंत्र, ज्यात दोन भांडी तिरप्या नळीने जोडलेली असतात, पाऱ्याच्या शुद्धीसाठी योजलेले असले तरी तत्त्वतः हेच आहे. कनौजचे अत्तरवाले ‘देग’ आणि ‘भपका’ या भांड्यांत गुलाबाचा सुगंध अशाच पद्धतीने ओढून घेतात, आणि तिथे सांख्यांचे म्हणणे पटण्यासारखे वाटते, कारण जो गंध भपक्यात उतरतो तो पाकळीत आधी होताच. मोहाच्या ताज्या फुलांचे मात्र तसे नाही. ती न आंबवता भट्टीवर चढवली तर वासाचे पाणी मिळेल, दारू नाही. फुलात साखर होती, मद्यार्क नव्हता. एकाच यंत्राने एकदा सत्कार्यवादाची बाजू घ्यावी आणि दुसऱ्यांदा त्याला निरुत्तर करावे, हे दर्शनकारांच्या ध्यानात आले असते तर कदाचित रांजणाचा दृष्टान्त इतका सोपा राहिला नसता.

भट्टीशी नव्याने ओळख करून घेणाऱ्याचा एक गैरसमज येथे नोंदवण्याजोगा आहे. ‘पहिल्या धारेची’ या शब्दांत मराठी बोलीने जो गौरव साठवला आहे, तो कारागिराच्या दृष्टीने पुरता खरा नाही, कारण अगदी सुरुवातीला उतरणाऱ्या अंशात असिटाल्डिहाइड आणि इथाइल असिटेट यांसारखी उग्र, चटकन उडणारी द्रव्ये अधिक असतात आणि जाणकार तो अंश बाजूला काढतात. मद्यार्क ७८.४ अंश सेल्सिअसला आणि मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळते, म्हणून विष आपोआप आधीच निघून जाते, हीही समजूत अपुरी आहे. साध्या भांड्यात दोन्ही मिसळूनच वर येतात. मुंबईतल्या मालवणीत २०१५ साली शंभराहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉल असलेल्या गावठी दारूने. परवान्याविना दारू गाळणे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको.

मूळ प्रश्नाकडे वळले तर भट्टी चार्वाकालाच अडचणीत आणते असे प्रथमदर्शनी वाटते. मदशक्ती जर संयोगाचा धर्म असेल, तर संयोग मोडताच ती नाहीशी व्हायला हवी. प्रत्यक्षात सुमारे १० टक्के मद्यार्काच्या द्रवातून पहिली वाफ निघते ती जवळजवळ पाचपट तीव्र असते, आणि मागे उरलेल्या चोथ्यात झिंग जवळपास राहत नाही. देह सोडून जाणाऱ्या आत्म्याचे हे चित्रच आहे, असे आत्मवाद्याने म्हणावे. पण नळीतून जे उतरते त्याला वजन आहे, चव आहे, ते बाटलीत भरता येते; ते दुसरे एक भूतद्रव्यच आहे. शिवाय कितीही वेळा गाळले तरी साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाच्या सुमारे ९५.६ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही, पाणी शेवटपर्यंत साथ सोडत नाही. दृष्टान्त मोडला, पण जडवाद मोडला नाही.

किण्वाविषयीच्या आधुनिक शोधांनी हा गुंता वाढवलाच. लुई पाश्चर यांनी १८५७ पासून किण्वन हे सजीव सूक्ष्मजीवांचे कार्य असल्याचे दाखवले, म्हणजे चार्वाकाने अचेतनाचे उदाहरण म्हणून निवडलेल्या रांजणात जीव आधीच हजर होता. आणि चाळीस वर्षांनी, १८९७ मध्ये, एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला रसही साखरेचा मद्यार्क करतो हे सिद्ध केल्यावर चार्वाकाची बाजू पुन्हा अर्धी उभी राहिली.

तरीही सर्वांत मोठी अडचण ‘मदशक्ती’ या शब्दातच दडलेली आहे. फडताळातली बाटली कधीच झिंगत नाही. मद ही पिणाऱ्याची अवस्था आहे, आणि पिणारा जाणीवयुक्त असल्याखेरीज त्या शक्तीला काही अर्थच उरत नाही. ज्याची उत्पत्ती सिद्ध करायची ते चैतन्य चार्वाकाने दृष्टान्तात न कळत गृहीत धरले आहे. मोहाची दारू पिण्याआधी तिचे काही थेंब देवांच्या आणि पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडण्याची जी रीत अनेक आदिवासी समाजांत आहे, ती या दृष्टीने पाहिली तर त्या थेंबाला घेणारा कोणी आहे असे ती ठामपणे मानते. आणि श्राद्धाचे अन्न मेलेल्यापर्यंत पोहोचते काय, असा सवाल करणाऱ्या चार्वाकाने येथेही त्याच्या परीने तोच प्रश्न विचारला असता: जमिनीत मुरलेल्या त्या थेंबाने झिंगते कोण?