परसातील मका आणि शेजारधर्म

नीतिशास्त्रातील प्रश्न ग्रंथांतून निघतात आणि वर्गात सुटतात, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यास ती सोयीचीही असते. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या कोरीट गावी, घरामागील अर्ध्या गुंठ्याच्या परसात, मक्याच्या एका कणसाने मला असा प्रश्न घातला की तो सोडविण्यास माझी तीस वर्षांची टिपणे अपुरी पडली.

त्या मक्याचे बी मी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरून आणले होते. तेथे एका पावरा आजीबाईंच्या घरात, चुलीच्या वर, आढ्याला कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या. धुराने किडीपासून बीज राखण्याची ही जुनी रीत. दाणा शुभ्र, थोडा बसका, पण भाकरीला गोड. आजीबाईंनी बारा कणसे काढून दिली. मी पैसे पुढे केले, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. बियाण्याचे पैसे घेत नाहीत. पिकले तर परत आणून द्यावे, एवढेच त्या म्हणाल्या.

पहिल्या वर्षी पीक उत्तम आले. परंतु कणसे सोलू लागलो तो पांढऱ्या दाण्यांत जागोजागी पिवळे दाणे चमकू लागले. बांधापलीकडे शेजाऱ्याचा दोन एकर संकरित पिवळा मका होता, त्याचा हा प्रसाद. मक्याचा तुरा शेंड्याला असतो आणि कणीस मध्ये कोठे तरी कांड्यावर. तुऱ्यातील पराग वाऱ्याबरोबर उडतात. कणसाच्या टोकाला जो रेशमी केसांचा झुबका दिसतो, त्यातील प्रत्येक केस एकेका दाण्याचा वाटाड्या असतो. ज्या केसावर परक्या मक्याचा पराग पडेल, त्याचा दाणा त्याच हंगामात परका रंग धारण करतो. इतर पुष्कळ पिकांत संकर झाला तर तो पुढील पिढीत कळतो. मका मात्र तत्काळ कबुली देतो.

मी शेजाऱ्याकडे गेलो. पुढील वर्षी बांधालगत मका न लावता त्याने दुसरे काही लावावे, अशी विनंती केली. वाण दुर्मिळ आहे, तो बुडाला तर पुन्हा मिळणे कठीण, हेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, तुमचा मका हौसेचा आहे. माझा मका पोरीच्या फीचा आहे."

या वाक्याने माझी झोप उडविली. मिल्लने 1859 साली 'ऑन लिबर्टी'त जो सिद्धान्त मांडला, तो मी दरवर्षी शिकवितो : दुसऱ्यास अपाय होत नाही तोवर प्रत्येकाला आपल्या मर्जीप्रमाणे वागण्याची मोकळीक असावी. मग शेजाऱ्याच्या शेतातील वारा माझ्या परसात शिरला, हा अपाय म्हणावा काय? आणि माझाही पराग त्याच्या शेतात जातच होता. त्याचे नुकसान होत नव्हते, कारण तो बियाणे दरवर्षी विकत घेतो. मला बीज राखावयाचे होते, म्हणूनच वारा मला शत्रू वाटू लागला. अपाय वाऱ्यात नव्हता. तो माझ्या संकल्पातून उत्पन्न झाला होता.

कोणी म्हणेल, शुद्धतेचा एवढा आग्रह तरी कशाला? हा आक्षेप मी थट्टेवारी नेऊ शकत नाही. ज्याला आपण 'आपला गावठी मका' म्हणतो, तो मुळात मेक्सिकोचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांनी एका रानगवतापासून तो घडविला. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात तो आला, असे सामान्यतः मानतात. तेव्हा शुद्ध रक्ताचा अभिमान मक्याच्या बाबतीत तरी हास्यास्पद आहे. त्यातही गंमत अशी की, शुद्धतेच्या हव्यासाने चारदोन निवडक ताटांचेच बी धरले, तर वाण पिढीगणिक खुजा आणि दुर्बळ होतो. शंभरएक ताटे तरी असावीत, आणि बी केवळ टपोऱ्या कणसांचेच नव्हे तर पुष्कळ कणसांतून घ्यावे, असे जाणते सांगतात.

मग राखावयाचे ते काय? माझ्या मते, बीज पुन्हा पेरता येण्याचे सामर्थ्य. संकरित मक्याची विद्या 1908 च्या सुमारास अमेरिकेत शल या शास्त्रज्ञाने मांडली, आणि तिने जगाच्या कणग्या भरल्या, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण संकरित पिकाचे बी धरले तर पुढचे पीक तसेच येत नाही. शेतकऱ्याला दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. गावठी वाण मात्र घरच्या कणगीतून शेतात आणि शेतातून कणगीत फिरत राहतो. शिवाय मक्याचे कणीस पानांच्या आवरणात असे घट्ट गुंडाळलेले असते की त्याचे दाणे आपोआप विखरून रुजत नाहीत. मनुष्याचा हात थांबला की मका संपला. नॉर्वेतील स्वालबार येथे 2008 पासून बर्फाळ डोंगराच्या पोटात जगभरची बियाणी साठविली जात आहेत. ती सोय मोलाची आहे. तथापि तेथे बीज निजते. बदलत्या पावसाशी जुळवून घेण्याचे शिक्षण त्याला शेतातच मिळते.

तेव्हा वाण राखणे हे कर्तव्य, हे मान्य. परंतु त्याची किंमत कोणी द्यावी? लेनिनग्राडला 1941 ते 1944 या काळात वेढा पडला असता तेथील बीजसंग्रह सांभाळणारे काही शास्त्रज्ञ उपासमारीने मरण पावले. भोवती धान्याच्या पिशव्या असूनही त्यांनी त्यांना हात लावला नाही. त्या संग्रहाचा जनक वाविलोव्ह हा 1943 साली सरकारच्या तुरुंगात मेला. या माणसांपुढे मस्तक नमते, ते त्यांनी जतनाची किंमत प्रथम स्वतःच्या देहाने मोजली म्हणून. मी मात्र माझ्या व्रताचा उपवास शेजाऱ्याला करावयास सांगत होतो.

हे कळल्यावर मार्ग सोपा होता. शेजारी जूनमधील पहिल्या पावसावर पेरतो. गेल्या वर्षी मी त्याच्यानंतर चार आठवड्यांनी पेरणी केली. त्याचे तुरे वाळले, तेव्हा माझे फुटले. उशिराच्या पिकावर कीड अधिक पडली, शेवटी पावसाने ओढ दिली, विहिरीचे पाणी शेंदून घालावे लागले, आणि उत्पन्न निम्म्यावर आले. मला वेतन मिळते. हा तोटा मला झेपतो. ज्याला जतनाची हौस, त्याने जतनाचा भार वाहावा.

परंतु हे सूत्र येथेच थांबविले तर मोठा अन्याय होईल. सातपुड्यातील कुटुंबे पिढ्यान् पिढ्या हा भार वाहत आली, आणि त्यांना वेतन नाही. अलीकडे त्यांच्या कार्याची दखल घेतली जाते, हे खरे. बाएफ संस्थेने धडगाव भागात लोकांना बरोबर घेऊन मका व ज्वारीच्या वाणांचे जतन चालविले. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. 2001 च्या कायद्याने बियाणे राखण्याचा व वाटण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. पण गौरवाने चूल पेटत नाही. त्या वाणांचा लाभ उद्या सर्वांना होणार असेल, तर त्यांचे धान्य रास्त भावाने विकत घेणे हे आपणा शहरी, सुशिक्षित कुटुंबांचे ऋण आहे; त्याला कौतुक म्हणून भागणार नाही.

यंदा मी पाड्यावर जाऊन जुन्या रीतीप्रमाणे सवाईने बी फेडले : बाराची पंधरा कणसे. आजीबाईंनी एकेक उलटून पाहिले. एका कणसात दोन पिवळे दाणे राहून गेले होते. ते त्यांनी अंगठ्याने उपटून कोंबड्यांपुढे टाकले आणि कणीस जुडीत बांधले.