मरणशय्येपाशी खरे बोलावे काय?

गेल्या महिन्यात आर्वीकडील एका खेड्यातून एका उपदेशक बंधूंचे पत्र आम्हांस आले. त्यांच्या मंडळीतील एका बाईच्या पोटात गाठ आहे. नागपुरास नेऊन दाखविले. तेथील डॉक्टरांनी घरच्यांस बाजूस घेऊन सांगितले की, आता उपाय राहिला नाही, घरीच न्यावे. घरच्यांनी बाईस मात्र, साधी सूज आहे, गोळ्यांनी उतरेल, असे सांगितले, व उपदेशकांसही दारातच गाठून तसेच बोलण्याची गळ घातली. बंधूंनी आत जाऊन ती लवकर बरी व्हावी म्हणून प्रार्थना केली. परत येताना त्यांचे मन त्यांस खाऊ लागले. ते विचारतात, "मी खोटे बोललो काय? आणि तेही प्रार्थनेत?"

ह्या बंधूंस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही, कारण हीच गोष्ट आमच्या हातून ह्याहून वाईट रीतीने घडली आहे. काही वर्षांपूर्वी देवळी तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्यास तोंडाचा कर्करोग झाला. जन्मभर खर्रा खाल्लेला मनुष्य. गाल आतून सडला होता. त्याच्या मुलांनी ओसरीवरच आमचा हात धरून म्हटले, "पाळकसाहेब, बाबांना काही माहीत नाही, तुम्ही धीर द्या." आम्ही आत गेलो. म्हातारा बाजेवर बसला होता. त्याने हातातील फडके तोंडावरून काढले व अडखळत विचारले, "पाळकसाहेब, आता किती दिवस?" आम्ही हसून उत्तर दिले की, असे काय बोलता, कापूस वेचायला तुम्हीच वावरात जाल. त्याने आमच्याकडे क्षणभर पाहिले, आणि तो भिंतीकडे तोंड करून निजला. पुढे आम्ही तीनदा गेलो, पण तो आमच्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही. मातीनंतर त्याच्या पत्नीने आम्हांस सांगितले की, विहिरीच्या हिश्शावरून धाकट्या भावाशी अठरा वर्षे अबोला होता, तो मोडावा, भावास बोलावून आणावे, हे त्यास आमच्यापाशी बोलावयाचे होते. मुलांस सांगितले तर ती रागावतील, म्हणून तो पाळकाची वाट पाहत होता. पाळक आला, आणि कापसाच्या गोष्टी सांगून गेला.

यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजास, तू आता वाचत नाहीस, घरची निरवानिरव कर, असे कळविले, तेव्हा राजानेही भिंतीकडे तोंड फिरविले, हे शास्त्र वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. पण त्याने तोंड फिरविले ते प्रार्थना करण्यासाठी. आमच्या म्हाताऱ्याने ते फिरविले, कारण आमच्याशी बोलून उपयोग नाही हे त्यास कळून चुकले. सत्याने दुःखी झालेला मनुष्य देवाकडे वळू शकला. आमच्या दयाळू असत्याने एक मनुष्य एकटा पडला. हा भेद आम्हांस फार उशिरा दिसला.

ह्यावर कोणी म्हणेल की, सत्य ऐकून रोगी खचतो, आणि आशा घालविणे हे पाप आहे. हा आक्षेप पोकळ नाही. सत्य हे दगडासारखे कोणाच्या अंगावर फेकता येत नाही. बाजेजवळ बसताच, तू मरणार, आता पश्चात्ताप कर, असे बजाविणारे उपदेशकही आम्ही पाहिले आहेत. त्यांस वाटते की आपण निर्भयपणे साक्ष दिली; आम्हांस वाटते की त्यांनी असहाय मनुष्याच्या भीतीचा फायदा घेतला. ज्यास उठून जाता येत नाही, त्यास उपदेश करताना दुप्पट विचार केला पाहिजे. तेव्हा प्रश्न सांगावे की लपवावे, एवढाच नाही. रोग्यास किती जाणावयाचे आहे, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावयाचे आहे. "तुम्हांला स्वतःला काय वाटते?" एवढे विचारून गप्प बसावे. बहुतेक रोग्यांस स्वतःचे शरीर काय सांगत आहे ते कळलेले असते. त्यांनी विचारले तर खोटे बोलू नये. न विचारले तर लादू नये. आशेविषयी म्हणाल, तर बरे होण्याची आशा ही एकच आशा आहे काय? रात्र दुखण्याशिवाय जावी, मुलगी सासरहून भेटावयास यावी, भावाशी समेट व्हावा, प्रभूने हात सोडू नये, ह्याही आशा आहेत, व त्या पुऱ्या होण्याजोग्या आहेत.

इंग्लंडात सिसिली साँडर्स नावाची एक ख्रिस्ती बाई होऊन गेली. ती आधी परिचारिका होती, मग रुग्णालयात रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहणारी सेविका झाली, आणि मरणाऱ्यांच्या वेदनेकडे कोणी नीट लक्ष देत नाही असे पाहून चाळिशीच्या उंबरठ्यावर ती डॉक्टर झाली. 1967 साली तिने लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणासन्नांचे शुश्रूषागृह उघडले. अशा घरास हॉस्पिस म्हणतात. तिचे म्हणणे असे की, मरणाऱ्याची वेदना एकेरी नसते; शरीराचे दुखणे, मनाची भीती, घरादाराची चिंता आणि आत्म्याची तळमळ हे सर्व एकाच गाठीत बांधलेले असते, व एक दोर सोडविल्यावाचून दुसरा सुटत नाही. 2005 साली ती त्याच घरात मरण पावली. आपल्या देशात असे पहिले घर 1986 साली मुंबईस वांद्रे येथे शांती आवेदना सदन ह्या नावाने निघाले. केरळात कोझिकोडे येथे 1993 साली ह्या कामास आरंभ झाला, आणि पुढे तेथे गावोगावचे साधे लोक, म्हणजे शिक्षक, दुकानदार, गृहिणी, शिकून तयार झाले व आजाऱ्यांच्या घरी जाऊ लागले. त्यावाचून डॉक्टरांस ते काम कधी पुरे पडले नसते.

पण इतके लांब कशास जावे? सेवाग्राम आपल्या जिल्ह्यातच आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृताचे विद्वान, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींसह राहिलेले. त्यांस महारोग झाला, आणि 1939 च्या सुमारास ते आश्रमाच्या दारी आले. त्या काळी त्या रोगावर खात्रीचे औषध नव्हते, आणि सोबतच्यांस संसर्गाचे भय होते. गांधीजींनी त्यांस आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली व ते स्वतः त्यांचे अंग चोळीत असत. ती परचुरे कुटी आजही तेथे पाहावयास मिळते. शास्त्री पुढे 1945 साली वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे वारले. तेथे मनोहरजी दिवाण ह्यांनी 1936 पासून महारोग्यांची सेवा चालविली होती. कोणी त्यांस पुरे बरे केले नाही. पण ज्या मनुष्यास लोक दुरून ओळखावयासही धजत नव्हते, त्यास कोणी रोज हात लावीत होते. आम्हां ख्रिस्ती लोकांनी ह्यात लाज वाटून घ्यावी की आनंद मानावा? आमच्या मते दोन्ही. प्रभूने कुष्ठ्यास आधी स्पर्श केला, ही गोष्ट आम्ही व्यासपीठावरून किती वेळा सांगितली आहे!

येथे एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. शरीराच्या दुखण्यावर औषध असता, दुखणे हा तुझा वधस्तंभ आहे, तो सोस, असे कोणी सांगू नये. कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन नावाचे औषध आहे. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते मिळणे दुर्घट झाले होते, 2014 साली कायदा बदलून ते काहीसे सोपे केले गेले. डॉक्टरास विचारून ते मिळविण्यासाठी रोग्याच्या मुलासोबत सेवाग्राम किंवा नागपूरपर्यंत बसने जाणे, ही त्या दिवशीची प्रार्थना समजावी.

आता मातीनंतरच्या दिवसांविषयी. आमच्या वाडवडिलांनी ख्रिस्त स्वीकारला तेव्हा दहावा आणि तेरवी सोडली. ते योग्यच केले. मृताच्या आत्म्यास पिंडाची गरज आहे असे आम्ही मानीत नाही. परंतु त्या तेरा दिवसांत शेजारीपाजारी कडू घास घेऊन येत, सोयरे ओसरीवर निजत, विधवेस एकटे सोडीत नसत. विधीसोबत ही सोबतही आम्ही टाकून दिली काय? हिंदू शेजाऱ्याचे घर तेरा दिवस भरलेले असते, आणि ख्रिस्ती घर तिसऱ्या दिवशी रिकामे होते. वर आम्ही सांगतो की, तो प्रभूजवळ गेला, मग रडता कशाला? बेथानीस लाजराच्या कबरेपाशी प्रभूस स्वतःस अश्रू आवरले नाहीत. आणि थोड्याच वेळात आपण त्यास उठविणार हे त्यास ठाऊक होते! मग आम्ही कोण मोठे विश्वासू, की डोळे कोरडे ठेवावयास सांगावे?

ज्या घरी कर्त्या पुरुषाने स्वतःच्या हाताने जीव दिला, तेथे तर आमची परीक्षाच असते. विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी 2006 साली पंतप्रधानांनी मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा होता. ही घरे आम्हांस अनोळखी नाहीत. अशा विधवेकडे पोलीस येतो, तलाठी येतो, सावकार येतो. घर मदतीस पात्र की अपात्र ह्याची चौकशी होते. सर्वजण तिला प्रश्न विचारतात. मग पाळकही जातो, आणि तोही विचारतो, असे का केले हो त्याने? ईयोबाचे मित्र सात दिवस मातीत मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे सर्व ठीक होते. कारणे सांगू लागल्यावर ते चुकले. मृताच्या न्यायाचा भार देवाने आमच्यावर घातलेला नाही. विधवेच्या चुलीचा मात्र घातला आहे.

हे काम मंडळीत कोणी चालवावे? पाळकाने, असे सहज म्हटले जाते. आम्हांस आता तसे वाटत नाही. आमची जात बोलणाऱ्यांची आहे, पगारही बोलण्याचाच मिळतो. आमच्या मंडळीत हे काम एका विधवा भगिनीकडे दिले आहे. ती चार इयत्ता शिकली आहे. तिच्याजवळ एक वही आहे. तीत आजारी व शोकग्रस्त घरांची नावे, कोणी कोणत्या वारी जावयाचे, आणि मरणास एक महिना, तीन महिने व वर्ष कधी भरते, एवढेच लिहिलेले असते. कोणाच्या घरी काय ऐकले ते ती वहीत लिहीत नाही, आणि पाळकासही सांगत नाही. एकदा आम्ही आग्रहाने विचारले, तर तिने भाकरी थापीत उत्तर दिले की, "ते त्यांनी मला सांगितले, तुम्हांला सांगायचे असते तर तुम्हांलाच बोलावले असते." जे नव्याने जातात, त्यांस ती आरंभी फक्त पाणी भरण्यास व रोग्याची चादर बदलण्यास लावते. दोन महिन्यांनी बोलण्याची परवानगी मिळते. आणि जो स्वतः नुकता शोकात आहे, त्यास ती वर्षभर पाठवीत नाही.

आर्वीकडील बंधूंस आम्ही लिहिले की, पुन्हा जा; घरच्यांस आधी ओसरीवर बसवून त्यांचे भय ऐका, कारण लपविणारेही प्रेमानेच लपवितात; मग बाईजवळ बसा, व उत्तर तयार करून नेऊ नका. त्यांचे दुसरे पत्र परवा आले. बाईने त्यांस विचारले की, "माझ्या पोरांना सांगितले काय, की मला माहीत आहे?" तिनेही मुलांस दुःख नको म्हणून महिनाभर लपविले होते. त्या रात्री सर्वजण तिच्या बाजेभोवती बसून खूप रडले, आणि मग तिने धाकट्या सुनेस जवळ बोलावून, गोधडी शिवण्याचे टाके कसे घालावे ते दाखविले.